साठ मीटर कोरडी जमीन

ऑगस्ट सरत आला की लाखांदुरात रोवणीची धांदल ओसरलेली असते. बांध्यांत पाणी तुडुंब भरलेले, पऱ्ह्यांचे कोवळे पिवळेपण जाऊन धानाने गडद हिरवा रंग धरलेला, चुलबंद काठाशी सलगी करत वाहणारी, आणि घरोघरी पोळ्याच्या झुलींची, बेगडाची, शिंगांच्या रंगाची बोलणी सुरू झालेली. याच दिवसांत 29 ऑगस्ट येतो. मेजर ध्यानचंदांचा जन्म 1905 सालच्या या तारखेचा, आणि 2012 पासून देश हा दिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळत आला आहे. आपणही पाळतो. शाळेच्या व्हरांड्यात तसबिरीला हार पडतो, शपथ होते, उशिरा का होईना पण प्रमुख पाहुणे येतात, दोन-चार ढाली वाटल्या जातात. मैदानाची थोरवी आपण मैदानाकडे पाठ करून ऐकतो, कारण त्या दिवशी मैदानात बहुधा पाणी साचलेले असते.

हे पाणी हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 2020 साली नेमक्या याच दिवसांत गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगेने आपले काठ पोटात घेतले. तो क्रीडा दिन आपल्या तालुक्याने सामान उंचावर हलवण्यात काढला. असा पूर दरसाल येत नाही, पाऊस मात्र दरसाल येतो, आणि शालेय मैदानी स्पर्धांचा हंगामही त्याच सुमारास उभा राहतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शिडी चढायची ती ओल्या पायांनी. जूनपासून जिला धड पन्नास पावले सुटून पळायला कोरडी जागा मिळालेली नाही, अशी मुलगी एक दिवस 100 मीटरच्या रेषेवर उभी राहते. फक्कीने आखलेल्या मार्गिका मधल्या सरीने धुऊन निघतात, क्रीडाशिक्षक मुकाट्याने पुन्हा आखतात, आणि शिट्टी वाजते. त्या मुलीला जो वेळ लागतो त्यात तिचे पाय किती आणि चिखल किती, हे कोणते घड्याळ सांगणार?

ऋतू आडवा येतो तेव्हा माणसे काय करतात, याचे एक उत्तर युरोपातल्या थंड देशांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे. तिथे हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जातात, म्हणून त्यांनी मैदानच छपराखाली नेले. इनडोअर अॅथलेटिक्स म्हणतात ते हेच. 400 मीटरच्या धावमार्गाऐवजी 200 मीटरचा आटोपशीर मार्ग, वळणांवर धावणारा बाहेर फेकला जाऊ नये म्हणून दिलेला तिरपा उतार, आणि मधोमध एक सरळ पट्टी. या पट्टीवर 100 मीटर मावत नाहीत, म्हणून शर्यत 60 मीटरची. अंतिम रेषा ओलांडल्यावर थांबायलाही फारशी जागा उरत नाही. पुढच्या भिंतीला जाड गाद्या लावलेल्या असतात आणि जिंकणारी व हरणारी दोघीही त्यांवर जाऊन आदळतात. इरिना प्रिवालोवा या रशियन धावपटूने 1993 साली माद्रिदमध्ये हे अंतर 6.92 सेकंदांत कापले, दोन वर्षांनी त्याच शहरात तोच वेळ पुन्हा दिला, आणि तिच्या पुढे अजून कुणी गेलेली नाही. चहाचा पेला ओठांशी नेईपर्यंत संपून जाणाऱ्या या शर्यतीसाठी माणसे अख्खी तारुण्ये खर्ची घालतात.

हंगेरीसारखा देश घ्या. लोकसंख्येने आपल्या राज्याच्या पासंगालाही न पुरणारा, समुद्र नसलेला, लांबलचक हिवाळ्याचा. पण त्याच्या राजधानीने, बुडापेस्टने, 1989 आणि 2004 अशी दोनदा जागतिक इनडोअर स्पर्धा भरवली. तिथली वेगवान धावपटू जानेवारी ते मार्च छपराखाली पळते आणि उन्हाळा उघडला की बाहेर येते. तिच्या वर्षात रिकामा ऋतू नसतो. बुडापेस्टची 2004 ची स्पर्धा आणखी एका कारणाने लक्षात राहावी. जागतिक इनडोअर स्पर्धेतली 200 मीटरची शर्यत तिथे शेवटची धावली गेली. आखूड वळणांमुळे आतल्या मार्गिकेत उभ्या राहणाऱ्याला जिंकण्याची आशाच नसते, हे वर्षानुवर्षे दिसत होते. शेवटी ती शर्यतच काढून टाकली गेली. जागेचा अन्याय धावणाऱ्याच्या माथी मारायचा नाही, एवढा सुज्ञपणा नियम करणाऱ्यांनी दाखवला. आतली मार्गिका वाट्याला आलेल्या कितीतरी मुली आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या शर्यती मात्र बिनबोभाट सुरू आहेत.

भारताच्या मुली या छपराखालच्या जगात गेल्या त्या बहुतेक पाहुण्यासारख्या. ओडिशातल्या विणकर घरातली द्युती चंद 2016 साली दोह्याच्या आशियाई इनडोअर स्पर्धेत 60 मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. विशाखापट्टणमच्या ज्योती याराजीने 2024 मध्ये तेहरानला 60 मीटर अडथळ्यांची शर्यत 8.12 सेकंदांत जिंकून सुवर्ण मिळवले. सराव उन्हातला, परीक्षा छपराखाली, असा हा प्रकार. भुवनेश्वरच्या कलिंग क्रीडासंकुलात इनडोअर धावमार्ग उभा राहिला तो अगदी अलीकडे. चक्रीवादळांच्या राज्याने हे आधी करावे यात नवल नाही. ज्याला आभाळ वारंवार दगा देते, त्याला छपराचे मोल लवकर कळते. तसे ते आपल्यालाही कळायला हरकत नव्हती.

आपल्या राज्यातल्या वेगवान मुलींचा इतिहास मात्र चांगला जुना आहे, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे नाव काढले की आपल्याला खाशाबा जाधव आठवतात. गोळेश्वरच्या लोकांनी जमवलेली वर्गणी, राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी गहाण टाकलेले घर, ही कथा शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते आणि असायलाच हवी. पण त्याच हेलसिंकीत, 100 आणि 200 मीटरच्या रेषेवर, मुंबईच्या वांद्र्याची एक एकवीस वर्षांची मुलगी उभी होती. तिचे नाव मेरी डिसोझा. ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी ती एक. आदल्याच वर्षी दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत तिने 200 मीटरचे कांस्य आणि रिले संघासोबत रौप्य मिळवले होते, तरी हेलसिंकीला जायचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तिलाही खाशाबांसारखाच पडला. तिच्या मित्रमंडळींनी नाचाचे आणि पत्त्यांचे कार्यक्रम भरवले, तिकिटे खपवली आणि तिला धाडले. प्राथमिक फेरीच्या पुढे ती जाऊ शकली नाही. परत आली, पुन्हा धावली, आणि 1954 मध्ये मनिलाच्या आशियाई स्पर्धेत 4 बाय 100 मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींत होती. त्या चौघींत पुण्याची स्टेफी डिसोझाही होती. पुढे 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती 400 मीटर धावली.

मेरीबाई हॉकीही खेळत, तीही देशाकडून. आणि सरकारला त्यांची सावकाश आठवण झाली ती 2013 साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, ध्यानचंदांच्याच नावाच्या पुरस्काराने. आजच्या दिवशी तसबिरीला हार घालताना शेजारी या बाईंचेही नाव घेतले, तर हॉकीच्या जादूगाराला काही कमीपणा यायचा नाही.

त्यांच्यानंतरची ओळ तुटलेली नाही. 2019 च्या मार्चमध्ये हाँगकाँगला पुण्याच्या अवंतिका नराळेने 100 मीटर 11.97 सेकंदांत धावून आशियाई युवा स्पर्धेचे सुवर्ण आणले. 2025 च्या उत्तराखंडमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत साताऱ्याची सुदेष्णा शिवणकर 100 मीटरमध्ये पहिली आली. पण ही नावे खेड्यापाड्यांतून आलेल्या दुसऱ्या नावांशेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. सावरपाड्याची कविता राऊत 10,000 मीटर धावली आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य घेऊन आली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओत 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. आडगावच्या मुली लांब पल्ल्यात दिसतात, आखूड पल्ला शहरांकडे राहतो. याचे कारण त्यांच्या रक्तात किंवा हाडात शोधण्याची गरज नाही. लांब पळायला पाऊलवाट पुरते, घाट पुरतो, डांबरी रस्ता पुरतो. आखूड पळायला मात्र सपाट सरळ जमीन लागते, खिळ्यांचे बूट लागतात, पाय रोवून सुटायला ब्लॉक लागतात, आणि सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारे कुणीतरी लागते. दारिद्र्य मैलोन् मैल पळू देते. शंभर मीटर मात्र पळू देत नाही.

आणि तरी आपल्याकडे मुली आखूड पल्ला पळतात. लाखांदूर-वडसा रस्त्यावर, दिघोरीकडे, बारव्ह्याकडे पहाटे निघालेल्या कुणालाही त्या भेटतील: ओढणी कंबरेला बांधलेल्या, मोबाइलच्या घड्याळावर एकमेकींचा वेळ घेणाऱ्या. त्यांना पदक नको आहे, पोलीस भरती हवी आहे. महिला उमेदवारांची मैदानी चाचणी 50 गुणांची, त्यात 800 मीटर, गोळाफेक आणि 100 मीटर. सेकंदाच्या एकेका तुकड्यावर गुण, आणि गुणावर घराचे उद्याचे जेवण. 2024 साली ही चाचणी ऐन जूनमध्ये सुरू झाली आणि कित्येक ठिकाणी पावसापायी पुढे ढकलावी लागली. कोणत्याही क्रीडा धोरणात या मुलींना धावपटू म्हटले जात नाही. आपणही म्हणत नाही. ‘भरतीची तयारी करते’ म्हणतो. पण शंभर मीटर जीव तोडून धावणारीला दुसरे काय म्हणावे?

आता थोडे आपल्याच अंगणातले. आखूड, सरळ, काही सेकंदांत आटोपणाऱ्या शर्यतीचे वेड झाडीपट्टीला कुणी बाहेरून शिकवावे असे नाही. धान घरात आले, थंडी पडली की गावोगाव बैलांचा शंकरपट भरतो. त्यासाठी शेतातला लांबलचक पट्टा निवडला जातो, ढेकळे फोडली जातात, खड्डे बुजवले जातात, दोन्ही बाजूंनी माणसांना आवरायला दोर ताणले जातात. जोडी सुटते आणि हजारो माणसे श्वास रोखून घड्याळाकडे पाहतात. सेकंदाच्या तुकड्यावरून वाद होतात, पैजा रंगतात, रात्री नाटक होते, पाहुण्यांनी घर भरते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या तेव्हा आपल्याला केवढी चुटपुट लागली होती, आणि 2021 च्या डिसेंबरात त्या पुन्हा मोकळ्या झाल्या तेव्हा गावे कशी उजळली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बैलांवरचे हे प्रेम खोटे नाही, ते कमी व्हावे असेही नाही. एवढेच दिसते की जमीन सपाट करायची कशी, वेळ मोजायचा कसा आणि वेगाचा मान ठेवायचा कसा, हे तिन्ही आपल्याला येते. ते येते, आणि आपल्या लेकीबाळींपर्यंत पोहोचत नाही.

तालुका क्रीडा संकुलाची योजना शासनाच्या कागदावर दोन दशकांहून अधिक काळ आहे. ती आपल्या दारी पूर्ण रूपाने येईल तेव्हा तिचे स्वागतच करू. पण छपराखालच्या त्या 60 मीटरने एक दिलासा दिला आहे: वेगासाठी अख्खे स्टेडियम लागत नाही. थांबायची जागा धरून ऐंशी मीटर लांबी आणि चार मार्गिकांपुरती जेमतेम पाच मीटर रुंदी, एवढ्यात काम भागते. मुरमाचा भराव घालून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच केलेला पट्टा, दोन्ही अंगांना पाणी काढून देणारी नाली, जमेल तेव्हा वर टिनाचे छप्पर. उघड्यावर पडलेले धान भिजले की आपण सारे, सत्तेतले आणि विरोधातले, एका सुरात ओरडतो, आणि ते रास्तच आहे, कारण त्यात वर्षाचे कष्ट असतात. चार महिने भिजत घालवणारी पंधरा वर्षांची मुलगीही कुणाच्या तरी पंधरा वर्षांच्या कष्टांची असते, आणि तिच्या पायांतला वेग धानासारखा पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येत नाही. नववी-दहावीच्या वळणावर तो वेग एकदा थांबला की बहुधा थांबतोच. मग निंदण, मग कापणी, मग स्थळे.

छप्पर यायला वेळ लागेल. पण येत्या हिवाळ्यात पट भरेल त्या दिवशी, पहिली जोडी सुटण्याआधी, त्याच सपाट केलेल्या पट्ट्यावर गावच्या मुलींची साठ मीटरची शर्यत घ्यायला कसलीही परवानगी आडवी येणार नाही. घड्याळ तिथे असेलच, दोर असतील, माणसेही असतील. बक्षिसाच्या रकमेतला एक वाटा त्या शर्यतीसाठी बाजूला काढावा, आणि मुरमाच्या पट्ट्यासाठी गावठाणातली जागा नेमून द्यावी, असे दोन ठराव मांडायचे झाले तर पटाच्या समितीत जी माणसे बसतात, तीच बहुतेक गावांत ग्रामपंचायतीतही बसतात. 15 ऑगस्टची ग्रामसभा नुकतीच झाली आहे, पुढची 2 ऑक्टोबरला आहे, आणि विषयपत्रिका अजून निघायची आहे.