टिपी लहान घ्या, पण अस्तर सोडू नका

अमेरिकेत किंवा कॅनडात थोडी जमीन घेऊन तिच्यावर मोठी टिपी (वाशांवर खोळ चढवलेला शंकूच्या आकाराचा तंबू) उभारावी आणि उन्हाळाभर तिथे राहावं, असा बेत करणाऱ्या मराठी मंडळींना एक कळकळीचं सांगणं आहे. पैसे कमी पडत असतील तर टिपी लहान घ्या, पण आतलं अस्तर वगळू नका. बऱ्याच ठिकाणी अस्तराची किंमत वेगळी लावलेली असते. ती चैन वाटते आणि यादीतून पहिली काट तिच्यावरच पडते. मग धुराने डोळे चुरचुरायला लागले की दोष टिपीला दिला जातो.

लाकोटा, शायेन, क्रो, ब्लॅकफीट या उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या लोकांनी टिपी घडवली ती आत विस्तव पेटता ठेवून बर्फातही राहता यावं म्हणून. तिचं सगळं कसब हवेच्या वाटेत आहे. बाहेरची कॅनव्हासची खोळ जमिनीपासून चार बोटं वर ठेवायची. अस्तर आतून वाशांना बांधायचं, साधारण पुरुषभर उंच, आणि त्याची खालची कड आत दुमडून सतरंजीखाली दाबायची. गार हवा खोळीखालून शिरते, अस्तरामागून वर चढते आणि जाता जाता धूर वरच्या तोंडातून ओढून नेते. अस्तर नसेल तर तीच हवा पाठीत भरते. ती अडवायला माणूस खोळीची कड मातीने बुजवून टाकतो, आणि धूर आत कोंडतो.

पावसाचंही तसंच. वरचं तोंड उघडं असल्यामुळे पाणी वाशांवरून आत येणारच. वासा साल काढून, गाठी तासून गुळगुळीत केलेला असेल तर पाणी त्याच्या खालच्या अंगाने सरळ अस्तरामागे जमिनीत जातं. वाटेत एखादी गाठ किंवा दोरी आडवी आली की थेंब तिथून सुटतो, नेमका अंथरुणावर. म्हणून अस्तराची दोरी वाशाला जिथे टेकते तिथे तिच्याखाली दोन बारीक काड्या सरकवतात. त्या दोन काड्यांच्या मधून पाण्याला वाट मिळते. ही काडी-काडीची कामं टाळू नका.

आता आकाराबद्दल. चौघांच्या कुटुंबाला १८ फूट व्यासाची टिपी भरपूर होते. तिला पंधराएक वासे लागतात, शिवाय वरच्या तोंडाशी असलेल्या धुराच्या झडपांना बाहेरून दोन. वासे पंचवीसेक फूट लांब असतात, म्हणजे ते आणायचे कसे, ठेवायचे कुठे, याचा विचार आधी. त्याहून मोठी टिपी दिसायला राजेशाही, पण ती ऊबदार ठेवायला लाकूडही तसंच जाळावं लागतं. ओझी कुत्री ओढत होती त्या काळात टिप्या लहानच असत. घोडे आले तेव्हा लांब वासे नेणं जमू लागलं आणि टिप्या वाढल्या. खोळ तेव्हा बायसनच्या कातड्यांची असे. १८७० ते १८८० च्या दशकांत बायसनची बेसुमार कत्तल झाली आणि कातड्याची जागा कॅनव्हासने घेतली.

जागा किंचित उंचवट्याची बघा. झाडाखाली नको: पाऊस थांबला तरी झाड गळत राहतं, आणि वादळात फांदी पडते. दार पूर्वेला ठेवा, म्हणजे त्या मैदानांतल्या पश्चिमेच्या वाऱ्याकडे टिपीची पाठ राहते. लाकोटा आणि शायेन तीन वाशांचं तिकाटणं उभं करून सुरुवात करतात, क्रो आणि ब्लॅकफीट चार वाशांनी. ही पहिली गाठ खोळ जमिनीवर पसरून, वासे तिच्यावर ठेवून, मापानेच बांधा. अंदाजाने बांधलेली गाठ नंतर सगळं काम वाकडं करते. उरलेले वासे वरच्या बेचक्यांत टेकवायचे, दोरीचे वेढे घालून आवळायचे. शेवटचा वासा मागचा, खोळ बांधूनच वर चढवायचा. मग दोघांनी दोन्ही बाजूंनी खोळ पुढे आणून दारावर काड्यांनी टाचायची आणि आतून वासे बाहेर ढकलत ती ताणायची. मेखांच्या दोऱ्यांसाठी कापडाला भोकं पाडू नका. कडेजवळच्या कापडात सुपारीएवढा गोटा धरून त्याभोवती दोरी आवळली की तिथे कापड फाटत नाही.

विस्तव लहान आणि लाकूड सुकं. ओढ्यातले ओले दगड चुलीभोवती मांडू नका, ते तापून फुटतात. वारा फिरला की बाहेर जाऊन झडपाही फिरवायच्या, मध्यरात्र असली तरी. आणि झडपा मिटल्या की विस्तव पूर्ण विझवायचा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे हिवाळ्यात येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि कॅनव्हासच्या घरातही तो तितकाच जीव घेतो. टिपीत कोळसा नकोच, आणि मुलं झोपणार असतील तर त्या वायूची सूचना देणारं यंत्र लावा.

गवताळ मैदानांतल्या या लोकांत टिपी शिवायची ती बायकांनी, उभारायची त्यांनी आणि मालकीही त्यांचीच. आत आल्यावर बसलेल्या माणसाच्या आणि विस्तवाच्या मधून जायचं नाही, मागून जायचं, ही तिथली रीत मुलांना आधी शिकवा. खोळीवर चित्रं काढायची असतील तर स्वतःची काढा. ब्लॅकफीटांच्या रंगवलेल्या टिप्यांवरच्या आकृत्या विधिपूर्वक एकाकडून दुसऱ्याकडे सोपवल्या जातात. पुस्तकात बघून त्या उतरवून घेण्याचा हक्क आपल्याला नाही.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी ऑगस्टमध्ये मॉन्टानातल्या क्रो एजन्सी या गावी जा. तिथे १९०४ साली सुरू झालेली क्रो फेअर भरते आणि नदीकाठी शेकडो टिप्या उभ्या राहतात. जत्रा रंगायच्या आधी, वासे उतरवले जात असताना पोहोचा. मदतीला हात लागतो का ते विचारा, आणि फोटो काढण्याआधीही विचारा.