टोचायला एक क्षण, जपायला एक वर्ष



या वेळी लेखासाठी विषय शोधावा लागला नाही. तो अवधपुरीतल्या आमच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर येऊन बसला.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजसाठी आमच्याकडेच राहते. डिसेंबरमध्ये तिच्या मावसबहिणीचे लग्न आहे. जूनमधल्या एका रात्री आईने कपाटातून जुना पितळी डबा काढला आणि मोत्याच्या बुगड्यांची जोडी तिच्यासमोर ठेवली. "माझ्या सासूबाईंच्या आहेत. लग्नात तू घाल."

भाची खूश! लगेच हिशोब मांडून मोकळी. "नोव्हेंबरच्या शेवटी कान टोचून घेते. पंधरा दिवसांत बरा होईल."

"पंधरा दिवसांत नाही होत," मी म्हणालो.

"तुला काय माहीत, मामा?" असे म्हणत तिने माझ्याकडे पाहिले आणि तिची नजर माझ्या उजव्या कानावर थांबली. "तुझा कान वरून असा दुमडलेला का आहे रे? बाईकवरून पडला होतास ना?"

इतकी वर्षे मी सगळ्यांना हेच सांगत आलो आहे. खरे काय ते फक्त आईला माहीत होते आणि तिने ते कधी कोणाला कळू दिले नाही. त्या रात्री मी भाचीला खरे सांगितले. आज तुम्हालाही सांगतो.

2016 चे गणपती. आदल्या डिसेंबरमध्ये 'बाजीराव मस्तानी' येऊन गेला होता आणि आमच्या वयाच्या मुलांना भिकबाळीचे वेड लागले होते. मला ढोल वाजवायचा होता, फेटा बांधायचा होता आणि कानात भिकबाळी हवी होती. गणपतीला जेमतेम दोन आठवडे उरले असताना मी एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने कानाच्या वरच्या भागावर ते पिस्तुलासारखे यंत्र टेकवले आणि खटका दाबला. काम झाले. "काही होत नाही भैया, रोज घुमाते रहना," एवढीच सूचना मिळाली.

मी अगदी प्रामाणिकपणे रोज फिरवत राहिलो. भर पावसाळा, ढोलाच्या सरावाचा घाम, डोक्यावर हेल्मेट, त्याच कानाला फोन आणि ऑफिसमध्ये हेडफोन. चौथ्या-पाचव्या दिवशी कान लाल झाला. आईने हळद-तेल लावले, मित्राने डेटॉल लावायला सांगितले. मी दोन्ही केले. विसर्जनाच्या दिवशी ठणका असह्य झाला, तरी मी ढोल वाजवला. दुसऱ्या दिवशी ताप भरला. कानाचा वरचा भाग फुगून तकतकीत झाला होता, पाळी मात्र जशीच्या तशी होती.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी एका नजरेत ओळखले. कानाचा वरचा भाग कूर्चेचा असतो, म्हणजे ते लवचिक, मऊ हाड. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला सगळे पोषण वरच्या पातळ आवरणातून मिळते. जंतुसंसर्गाने आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला की हा पुरवठा तुटतो आणि कूर्चा मरू लागते. माझ्या कानाला चीर देऊन पू काढावा लागला. तीन दिवस दवाखान्यात होतो. कान वाचला, आकार गेला. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आधी आला असतास तर हेही झालं नसतं."

आपल्याकडे म्हणतात, सोनारानेच कान टोचावेत. माझे सोनार डॉक्टर निघाले, फक्त उशिरा.

पाळी वेगळी, वरचा कान वेगळा

माझी मूळ चूक ही की मी सगळा कान एकच समजलो. बारशाच्या सुमारास सोनाराने आपले कान टोचले, सोन्याची तार घातली आणि काही दिवसांत ते बरेही झाले. पण ती पाळी होती. पाळीत कूर्चा नसते, रक्तपुरवठा भरपूर असतो. तिला बरे व्हायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. नाकपुडीला बहुतेक 4 ते 6 महिने लागतात. बुगडी किंवा भिकबाळीची जागा म्हणजे कूर्चा. तिथे 6 महिने ते वर्षभर लागू शकते. टोचण्याआधी घरात बोलायची गोष्ट हीच आहे. लग्न, मुंज, परीक्षा, प्रवास यांच्या तारखा पाहून उलटा हिशोब करा.

जखम बाहेरून आत भरत जाते. त्यामुळे महिन्याभरात वरून सगळे छान दिसू लागते, पण आतली वाट अजून कच्ची असते. याच टप्प्यावर लोक दागिना बदलतात आणि दुखणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

टोचण्यापूर्वी

कूर्चेला खटक्याचे यंत्र नको. ते बोथट टोकाची काडी जोराने आत दाबते, त्यात कूर्चा चिरडते. शिवाय अशी बरीच यंत्रे प्लास्टिकची असल्याने पूर्ण निर्जंतुक करता येत नाहीत. एकदाच वापरायची पोकळ सुई, डोळ्यांसमोर फोडलेले पाकीट आणि हातात नवे मोजे, एवढे तरी पाहाच. आता त्वचारोगतज्ज्ञ आणि नाक-कान-घशाचे डॉक्टरही हे काम करतात. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते आणि हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हेही आधी पाहून ठेवा. मधुमेह, हृदयाच्या झडपेचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा घरात कोणाला केलॉइड होत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

धातूचाही प्रश्न आहे. खोट्या दागिन्यांत बहुधा निकेल असते आणि त्याची ॲलर्जी पुष्कळांना असते. ताज्या जखमेत इम्प्लांटच्या दर्जाचे टायटॅनियम सर्वांत निर्धोक. सोनारांची 22 कॅरेटची तार, म्हणजे 91.6 टक्के सोने, का चालत आली हेही यावरून कळते. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकते, विचारून घ्या. पहिली काडी थोडी लांब हवी, कारण सूज येणारच. सूज उतरल्यावर, साधारण 4 ते 8 आठवड्यांनी, टोचणाऱ्याकडूनच ती आखूड करून घ्यायची. लांब काडी तशीच राहिली तर केसांत आणि कपड्यांत अडकत राहते.

टोचल्यानंतर

आमच्या फ्रिजच्या दारावर भाचीने लावलेला कागद जसाच्या तसा देतो.

1. आधी साबणाने हात धुवायचे, मगच कानाला हात.

2. दिवसातून दोनदा निर्जंतुक नॉर्मल सलाईन, म्हणजे 0.9 टक्के मिठाचे पाणी. औषधाच्या दुकानात मिळते. लहान बाटली घ्यावी, फोडलेली बाटली दिवसेंदिवस वापरू नये. घरी अंदाजाने केलेले पाणी बहुतेक वेळा जास्त खारट होते आणि जखम कोरडी पडते.

3. खपली नखाने काढायची नाही. सलाईनने भिजवून मऊ झाली की आपोआप निघते. नंतर स्वच्छ गॉजने टिपून घ्यायचे. टॉवेलचे धागे अडकतात.

4. फिरवायचे नाही! फिरवले की आत धरू लागलेली नवी त्वचा फाटते आणि बाहेरची घाण आत जाते.

5. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, खोबरेल, टूथपेस्ट यातले काहीही नाही. पहिली तीन नव्या पेशींनाही मारतात, बाकीची भोक बुजवून ओल आत कोंडतात.

6. त्या कुशीवर झोपायचे नाही. म्हणून एका वेळी एकच कान टोचायचा. प्रवासात मानेला लावतात ती मधे पोकळी असलेली उशी घेतली तर कान त्या पोकळीत मोकळा राहतो. अभ्रा एक-दोन दिवसांनी बदलायचा.

7. फोन दुसऱ्या कानाला. हेल्मेट घालायचेच, पण जपून चढवायचे. स्कूटीवर तोंडाभोवती बांधायची ओढणी रोज धुतलेली हवी, सोडताना हळू सोडायची.

8. पोहणे बंद. तलाव, नदी, विसर्जनाचे पाणी, रंग, गुलाल, हेअर स्प्रे यांपासून कान दूर.

9. रक्तदान शिबिरात टोचल्याचे खरे सांगायचे. काही काळ थांबावे लागते.

मी कोड लिहिणारा माणूस. चालत्या सिस्टिमला उगाच हात लावू नये हा धडा आम्हाला पहिल्याच नोकरीत मिळतो. ताज्या टोचलेल्या कानालाही तोच नियम. स्वच्छ ठेवा आणि मग त्याला त्याचे काम करू द्या.

कधी घाबरायचे?

पहिले काही दिवस थोडी सूज, थोडा लालसरपणा आणि पांढुरकी पातळ लस येणे स्वाभाविक आहे. ती वाळून खपली होते. तो पू नव्हे. भोकाशेजारी छोटी पुटकुळी आली तर बहुधा कारण घर्षण, ओल किंवा धातू असते. कारण दूर झाले की ती हळूहळू बसते. केलॉइड वेगळे. ते बहुधा काही महिन्यांनी येते, जखमेची हद्द ओलांडून वाढत जाते आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञच लागतात.

पण दुखणे दिवसागणिक वाढत असेल, कानाला गरमपणा आणि ठणका असेल, घट्ट हिरवट-पिवळा स्राव येत असेल, ताप असेल, किंवा वरचा कान सुजून पाळी तेवढी नेहमीसारखी दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका. कूर्चेच्या संसर्गात बऱ्याचदा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो, त्याला नेहमीच्या पुष्कळ गोळ्या लागू पडत नाहीत. दागिनाही स्वतःहून काढू नका. भोक मिटले तर पू आत अडकतो. काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आजीचे बरोबर की माझे?

आई हे सगळे ऐकत होती. म्हणाली, "आमच्या वेळी कडुलिंबाची काडी घालायचे, तेल सोडायचे. कुणाचे कान गेले?"

मी सुश्रुतसंहिता काढली. तिच्यात कान टोचण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावे, मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. सूर्यप्रकाशात पाळी धरून योग्य जागा पाहावी. टोचल्यावर कापसाची वात घालावी, तेल सोडावे, दर तीन दिवसांनी वात जाड करावी. चुकीच्या जागी टोचले तर ताप, सूज, वेदना होतात हेही तिथे आहे. आणि तसे झाले तर वात काढून जखम भरू द्यावी, मग पुन्हा टोचावे. फाटलेल्या पाळ्या जोडण्याच्या रीतीही त्याच अध्यायात आहेत.

म्हणजे तेलाची परंपरा आईने काही मनाने काढलेली नाही. पण तो सगळा विचार पाळीचा आहे, कूर्चेचा नाही. आणि जागा बघून टोचा, दर काही दिवसांनी लक्ष द्या, बिघडले तर थांबा, ही मूळ शिकवण आजही तीच आहे. आपण तेल तेवढे लक्षात ठेवले आणि लक्ष देणे विसरलो.

भाचीने दोन दिवस विचार केला. जूनच्या शेवटी एका डॉक्टरांकडून सुईने फक्त उजवा कान टोचून घेतला. लग्नात त्या कानात साधी टायटॅनियमची काडी राहील आणि डाव्या कानात सोनाराकडून करून घेतलेली दाबाची बुगडी. आजीच्या बुगड्या पुढच्या वर्षी.

"एका कानात एक, दुसऱ्यात दुसरं, लोक काय म्हणतील?" आई दोन दिवस कुरकुरली. तिसऱ्या दिवसापासून रात्री नऊ वाजता तीच सलाईन आणि गॉज घेऊन भाचीच्या खोलीत जाते. आधी हात धुते, चष्मा लावते. पाचवा आठवडा चालू आहे. सूज उतरली आहे, पुढच्या आठवड्यात काडी आखूड करायची आहे.

काल गॉज टाकायला जाता जाता आई माझ्यापाशी थांबली. माझ्या कानाच्या दुमडलेल्या कडेवरून तिने बोट फिरवले. "तेव्हा मीच हळद लावली होती रे," एवढेच म्हणाली.

"आई, तेव्हा आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं," मी म्हणालो.

आता तुम्हाला माहीत आहे. गणपती जवळ आले आहेत. घरात कोणाला भिकबाळी किंवा बुगडीची हौस आली असेल, तर हौस मोडू नका. त्याच्याबरोबर बसा आणि कॅलेंडर काढा.

पुढच्या अंकात भेटूच!