निजलेल्यांचा पहारेकरी

दुपारी फायलींवर मान टाकणारा कारकून आणि पहिल्या तासाला मागच्या बाकावर पेंगणारा विद्यार्थी हे दोघेही आपल्या समाजात थट्टेचे, नाही तर शिक्षेचे धनी ठरत आले आहेत. एकाला आळशी म्हणावयाचे, दुसऱ्याला कुंभकर्ण. रात्री घोरण्याने घर दणाणून सोडणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र कौतुक येते. बिचाऱ्याला किती गाढ झोप लागली आहे, असे घरची माणसे म्हणतात. झोप हा स्वभावाचा गुणदोष आहे ही समजूत या दोहोंच्या मुळाशी आहे. गेल्या शंभर वर्षांत मेंदूच्या शास्त्राने ती निकालात काढली असली, तरी त्या निकालाची वार्ता अजून कचेऱ्यांत आणि वर्गांत फारशी पोहोचलेली दिसत नाही.

तेल संपले की समई विझते, तसा दिवसभराच्या श्रमाने मेंदू विझतो व त्यालाच निद्रा म्हणावयाचे, असे पूर्वी शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटे. या कल्पनेला पहिला जबर धक्का व्हिएन्नात बसला. पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत तेथे मेंदूज्वराची एक विलक्षण साथ आली. रोगी दिवसचे दिवस झोपून राहात. जेवता जेवता तोंडात घास तसाच ठेवून झोपी जात. थोड्या रोग्यांची अवस्था मात्र नेमकी उलट होती. त्यांना काही केल्या झोपच येईना. कॉन्स्टन्टिन फॉन इकॉनोमो या वैद्याने 1917 साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मृतांचे मेंदू तपासून एक मोठी गोष्ट हेरली. अखंड झोपणाऱ्यांच्या मेंदूत इजा होती ती हायपोथॅलॅमसच्या मागच्या अंगाला, मध्यमस्तिष्काशी तो जुळतो तेथे. निद्रानाश झालेल्यांत ती पुढच्या अंगाला होती. अर्थात जागे ठेवणारी जागा निराळी आणि झोपवणारी निराळी. झोप म्हणजे विझणे नव्हे, ते मेंदूने स्वतःहून केलेले एक काम आहे, हा विचार येथे प्रथम स्पष्टपणे पुढे आला. सूक्ष्मदर्शक यंत्र आणि निरीक्षणाची चिकाटी एवढ्या भांडवलावर काढलेला हा निष्कर्ष पुढच्या संशोधनाने मुख्यतः खरा ठरवला, याचे आजही नवल वाटते.

1949 साली मोरुझ्झी व मॅगून या दोन शास्त्रज्ञांनी गुंगी दिलेल्या मांजराच्या मस्तिष्कस्तंभात विजेची सौम्य चेतना दिली, तेव्हा त्याच्या मेंदूच्या विद्युल्लहरी जागृतावस्थेतल्यासारख्या झाल्या. जागेपणाचा प्रवाह मेंदूच्या बुडातून वर चढतो हे त्यातून दिसले. 1996 साली हार्वर्डच्या संशोधकांनी हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात निद्रेच्या वेळी कार्यरत होणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका दाखवून दिला. हा पुंजका आणि जागृतीची केंद्रे एकमेकांना दाबून टाकतात. एकाची सरशी झाली की दुसरे गप्प बसते. दिव्याचा खटका जसा वर असतो किंवा खाली असतो, अध्येमध्ये लटकत राहात नाही, तसा हा प्रकार आहे. खटका जागेपणाच्या बाजूला टिकवून धरण्याचे काम ओरेक्सिन या द्रव्याचे. त्याचा शोध 1998 साली लागला. ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेला माणूस बोलता बोलता निद्रेच्या आहारी जातो, खळखळून हसला तर गुडघ्यातून गळूनही पडतो. अशा माणसाला इच्छाशक्तीचे पाठ देणे म्हणजे पाय मोडलेल्याला धावण्याचा उपदेश करण्यासारखेच आहे.

मेंदूचा कारभार असा रात्रीपुरता दुसऱ्या हाती गेला, तरी एका कामाला सुटी मिळत नाही. हृदयाला ठोक्याची लय स्वतःची असते, फुप्फुसांना ती नसते. प्रत्येक श्वासाचा हुकूम मेंदूतून यावा लागतो. तो कोठून येतो याचे उत्तर 1991 साली मिळाले. लंबमज्जेतील पेशींचा एक चिमुकला समूह ही लय निर्माण करतो असे जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्याचे नाव ‘प्री-बॉटझिंगर’. हे कोणा थोर शास्त्रज्ञाचे नाव असावे असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात जर्मनीतील एका परिषदेच्या वेळी मेजावर असलेल्या मद्याच्या बाटलीवरून फेल्डमन यांनी शेजारच्या केंद्राला ‘बॉटझिंगर’ हे नाव दिले होते, आणि तेच पुढे या केंद्रालाही चिकटले. जन्मापासून मरणापर्यंत ज्या ठिकाणाहून प्राणवायूचे आवतण निघते त्याला बाटलीचे नाव मिळावे, ही शास्त्राची थट्टेखोर वृत्तीच म्हणावयाची!

जागेपणी या केंद्राला अनेकांचा टेकू असतो. झोपेत तो निघून जातो आणि रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडच्या प्रमाणावरच मुख्य भिस्त राहते. एका दुर्मिळ जन्मजात विकारात हे प्रमाण ओळखण्याची यंत्रणाच अधू असते. अशी बालके जागेपणी श्वास घेतात, पण झोपली की त्यांचा श्वास मंदावतो. रात्रभर यंत्राचे साह्य दिले नाही तर ती दगावतात. याच्या मुळाशी असलेला जनुकीय दोष 2003 साली सापडला.

घोरणाऱ्यांची कथा याहून पुष्कळ सामान्य आहे, आणि म्हणूनच तिकडे अधिक दुर्लक्ष होते. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींचा घसा मुळातच अरुंद असतो, काहींच्या मानेभोवती मेद साठलेला असतो. अशांची श्वासनलिकेची वाट मिटते. मेंदू हुकूम सोडतो, श्वासपटल धडपडते, परंतु हवा आत शिरत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड साचू लागतो आणि मस्तिष्कस्तंभातील काही पेशी धोक्याची घंटा वाजवतात. उंदरांवरील प्रयोगांत या पेशी निकामी केल्या, तेव्हा तो वायू वाढूनही प्राण्याला नेहमीसारखी जाग आली नाही. श्वासाचा पहारा करणारी आणि झोपमोड करणारी मंडले येथे एकमेकांत गुंतलेली आहेत. घंटा वाजते, माणूस क्षणभर जागा होतो, घसा मोकळा होतो, एक मोठा घोरका येतो आणि पुन्हा झोप लागते. तासाला 30 किंवा त्याहून अधिक वेळा असे घडले तर विकार तीव्र समजला जातो. सकाळी त्या माणसाला यातले काहीही आठवत नाही. आठ तास झोपलो असे तो सांगतो, आणि खोटे बोलत नाही. मात्र सलग झोप त्याच्या वाट्याला आलेलीच नसते. दुपारी फायलीवर त्याची मान पडते ती यामुळे. मद्य घेऊन किंवा झोपेची गोळी घेऊन अशा माणसाने झोप ‘पक्की’ करू पाहणे तर घातकच. त्याने घसा अधिक सैलावतो आणि घंटा मंद होते. अफूवर्गातील द्रव्ये याही पुढे जाऊन श्वासाची लयच दाबून टाकतात. त्यांच्या अतिसेवनाने माणूस मरतो तो बहुधा श्वास थांबूनच.

श्वासाचा विषय निघाला की आपल्याकडे प्राणायामाचा निघणारच. लय निर्माण करणाऱ्या केंद्रातील मूठभर पेशी जागृतीच्या एका केंद्राला सतत वर्दी देत असतात आणि त्या काढून टाकल्यास उंदीर शांत राहतात, असे 2017 साली अमेरिकेत आढळले. संथ श्वसनाने मन का निवते याचा एक धागा यात असू शकेल. तथापि उंदरांवरच्या एका प्रयोगावरून परंपरेचा जयघोष करण्याची घाई करू नये. कुवलयानंदांनी लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम स्थापले, ते योगक्रिया प्रयोगाच्या कसोटीला लावण्यासाठी. जयघोषापेक्षा तो मार्ग अधिक सन्मानाचा आहे.

उपाय नाहीत असे नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि तीच आज जगभर वापरली जाते. आपल्याकडे मात्र झोपेची रीतसर तपासणी बहुतांशी मोठ्या शहरांत आणि ऐपतवाल्यांपुरती राहिली आहे. अवजड वाहन चालविणाऱ्याचे डोळे आणि कान तपासले जातात. तो रात्री घोरतो काय आणि दिवसा पेंगतो काय, हे विचारण्याची पद्धत रुळलेली नाही. या दोन प्रश्नांना खर्च येत नाही.

शाळांच्या बाबतीत शासनाने एक पाऊल टाकले आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 वाजता किंवा त्यानंतर भरावेत असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये घेतला. हेतू चांगला आहे. पण मेंदूतील घड्याळ उशिराकडे सरकते ते लहान मुलांचे नव्हे, वयात येणाऱ्यांचे. कॅलिफोर्नियाने 2022 पासून माध्यमिक शाळांची वेळ कायद्यानेच पुढे नेली, ती याच कारणाने. आपल्याकडे इमारत एक आणि सत्रे दोन अशा शाळा पुष्कळ आहेत. तेथे लहानांना उशिराची वेळ दिली की मोठी मुले सात वाजता फाटकापाशी उभी करावी लागतात, हा पेच निर्णय काढून सुटणारा नाही. त्याला खोल्या लागतील आणि पैसा लागेल.

तो मिळेपर्यंत शिक्षकांना एक गोष्ट करता येईल. वर्गात रोज पेंगणाऱ्या मुलाला बाकावर उभे करण्याआधी तो रात्री घोरतो काय, तोंड उघडे टाकून श्वास घेतो काय, एवढे त्याच्या आईवडिलांना विचारावे. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढल्याने मुलांचाही श्वास झोपेत कोंडतो, आणि पुष्कळ वेळा एका शस्त्रक्रियेने तो मोकळा होतो.