हिशेब विद्यार्थ्याचा की संस्थेचा?

सर्वोच्च न्यायालयाचे न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा निर्देश दिले. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणातून हे निर्देश निघाले आणि संसद वा विधिमंडळे कायदा करीपर्यंत ते बंधनकारक राहतील, असे न्यायालयाने बजावले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती असली पाहिजे, असे त्यांत आहे. शिवाय प्रत्येक संस्थेने नावे गुप्त ठेवून नोंदी ठेवाव्यात आणि दरवर्षी अहवाल तयार करावा. किती उपक्रम झाले, किती विद्यार्थ्यांना पुढील उपचारांसाठी पाठविले, किती प्रशिक्षणे घेतली, हे त्या अहवालात यावे.

या निर्देशांचे स्वागतच केले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या वर्षीच्या एकूण आत्महत्यांपैकी २,२४८ नोंदींपुढे परीक्षेतील अपयश हे कारण लिहिलेले आहे. तथापि अहवालाच्या कलमांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. सगळे प्रश्न ‘किती’चे आहेत. त्या खोलीत शिरलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यांत नाही. आणि ज्या व्यवस्थेने त्याला त्या खोलीपर्यंत आणले तिचे काय झाले, हा तर नाहीच नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्याला हा विषय परका नाही. रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि देवगिरी महाविद्यालय अशा संस्था उभ्या आहेत. भोवतालच्या वस्तीत एका खोलीत चार-चार कॉट टाकून राहणारी, खानावळीच्या डब्यावर दिवस काढणारी मुले भरली आहेत. बीड, जालना, धाराशिव, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून आलेल्या या मुलांपैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी. पहिल्या सत्राची परीक्षा येते त्याच सुमारास बीडकडील आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर गेलेले असतात. गावातले घर बंद, धाकटी भावंडे आजीपाशी, खोलीचे भाडे थकलेले आणि इंग्रजीतून शिकविलेले गणित डोक्यावरून गेलेले. अशा मुलाला झोप येत नाही. त्याला समुपदेशकाकडे पाठविले, तर त्या भेटीचे यश कशावरून ठरवायचे?

आजच्या विद्यापीठीय परिभाषेत या प्रश्नाचे उत्तर तयार आहे. त्याला ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय येईल हे आधी लिहून ठेवायचे आणि मग ते आले की नाही हे तपासायचे, अशी ही पद्धत विद्यापीठ अनुदान आयोगाने गेल्या काही वर्षांत सर्वत्र रुजविली आहे. अमेरिकेतील विद्यापीठांनी ती वर्गाबाहेरही नेली. वसतिगृह, विद्यार्थी कल्याण, समुपदेशन हे सारे शिक्षणाचेच भाग आहेत, म्हणून तिथेही विद्यार्थी काय शिकला हे मोजावे, असा आग्रह तेथील विद्यार्थीसेवांच्या संघटनांनी २००४ साली एका गाजलेल्या अहवालातून मांडला. समुपदेशनाच्या भेटी संपल्या की विद्यार्थ्यासमोर एक पत्रक येते. ‘ताणाची लक्षणे मला ओळखता येतात’, ‘अडचणीच्या वेळी मदत कशी मागावी हे मला कळले’, अशा विधानांपुढे त्याने खूण करायची. खुणांची सरासरी काढली की सेवेची निष्पत्ती हाती आली.

ही पद्धत सर्वस्वी टाकाऊ आहे असे कोणी म्हणू नये. समुपदेशनात माणूस काही शिकतो हे खरेच आहे. घाबरलेल्या मुलीला छातीतली धडधड म्हणजे हृदयविकार नव्हे हे कळणे, एका विषयातील नापाशी म्हणजे आयुष्याची नापाशी नव्हे हे एखाद्या मुलाला उमगणे, या मोठ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकाअखेर चौतीस विधानांची एक प्रश्नावली तयार झाली. ती समुपदेशनाच्या आरंभी व शेवटी भरून घेतात आणि दोन्ही वेळच्या उत्तरांतील अंतर पाहतात. ‘समुपदेशक फार चांगले आहेत’ या शेऱ्यापेक्षा अशी तुलना कितीतरी अधिक सांगून जाते. आपल्याकडे तर अजून कार्यक्रमाचे छायाचित्र, उपस्थितीची सही आणि पाहुण्यांचा सत्कार एवढ्यावरच मूल्यमापन थांबते. ‘तणावमुक्ती’ या विषयावर सभागृहात तासभर व्याख्यान झाले, दोनशे सह्या मिळाल्या, मूल्यांकन समितीपुढे ठेवायला फाइल तयार झाली. त्या दोनशेंपैकी एकाच्या तरी खोलीचे भाडे त्यामुळे कमी झाले काय?

खरी अडचण पुढे आहे. शेवटचे पत्रक भरतो कोण? जो शेवटपर्यंत येतो तो. पहिल्या भेटीनंतर न फिरकलेला मुलगा, मुलींच्या वसतिगृहातून संध्याकाळी बाहेर पडायची परवानगी न मिळालेली मुलगी, समुपदेशन म्हणजे वेड्यांचा दवाखाना असे गावात पसरेल म्हणून दारावरूनच परतलेला विद्यार्थी, यांपैकी कोणाचेही पत्रक नसते. सरासरी त्यांना वगळून निघते आणि म्हणूनच ती देखणी निघते. दुसरे असे की माणूस समुपदेशकाकडे जातो तो त्याच्या सर्वांत वाईट आठवड्यात. त्यानंतर पुष्कळांना काळानेच थोडा उतार पडतो. तो सगळा उतार सेवेच्या खात्यावर जमा करणे ही हिशेबातील चलाखी झाली. भाषेचाही प्रश्न आहे. परदेशी प्रश्नावल्यांची मराठी भाषांतरे होतात. पण आष्टी-पाटोद्याकडचा मुलगा ‘मला निराश वाटते’ असे म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘सर, जीव लागत नाही’, ‘डोकं जड झालंय’, ‘भूकच मेलीय’. प्रश्नावलीत ही वाक्ये नसतील तर त्याचे दुःख शून्य गुणांचे ठरते. आणि समोर बसलेल्या सरांनी वा मॅडमनी दिलेल्या कागदावर ‘काही फरक पडला नाही’ असे लिहिण्याचे धैर्य आपल्या शिक्षणाने कोणत्या विद्यार्थ्याला दिले आहे?

याहूनही मूलभूत हरकत निराळी आहे. ‘विद्यार्थी काय शिकला?’ असे विचारले की न शिकण्याची जबाबदारी आपोआप विद्यार्थ्यावर येते. २०१५ सालच्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयीन मुलीने एस.टी.च्या पाससाठी घरात पैसे नाहीत म्हणून आपले जीवन संपविले. पासची रक्कम २६० रुपये होती. त्या मुलीला ताणाचे व्यवस्थापन शिकवायला हवे होते असे म्हणणारा मनुष्य क्रूर तरी असेल किंवा मूर्ख तरी. तिच्या मृत्यूनंतर शासनाने दुष्काळी गावांतील विद्यार्थ्यांना मोफत प्रवासाची सवलत दिली. त्या प्रकरणात काही शिकायचे होते ते शासनाला. ते त्याने शिकले, पण केवढी फी भरून!

मराठवाड्याच्या स्मरणात एक निराळा धडा आहे. १९७४ साली या विभागातील विद्यार्थी विकासाच्या आणि नोकऱ्यांच्या मागणीसाठी रस्त्यावर आले. वसमतच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे प्राण गेले. त्या वेळच्या तरुणाच्या मनातही भविष्याविषयी भीती होती, झोप त्याचीही उडालेली होती. पण त्या भीतीला त्याने ‘मागणी’ हे नाव दिले. आज तीच भीती ‘ताण’ या नावाने एकेकट्याच्या खात्यावर मांडली जाते आणि श्वसनाचे व्यायाम शिकवून त्याला परत त्याच खोलीत पाठविले जाते. अर्थात मोर्चाने प्रत्येक दुखणे बरे होते असाही भ्रम बाळगू नये. तीव्र नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतात. चळवळीत वावरणाऱ्यांनीही आपल्या सोबत्यांच्या अशा आजाराकडे ‘कच्चेपणा’ म्हणून पाहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

जातीचा प्रश्न तर या पत्रकांत कुठेच येत नाही. २०१६ साली हैदराबाद येथे रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले. त्यांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, यांना न्यायासाठी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यांची मागणी शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखण्याची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्या शहरात तरी समुपदेशनाच्या नोंदवहीत ‘आडनाव विचारून वागणूक बदलली’ या तक्रारीसाठी एक रकाना असायला हवा. ती तक्रार घेऊन येणाऱ्याला ‘सकारात्मक विचार’ शिकविणे म्हणजे अन्यायाला दिलेली साथच होय.

समुपदेशकाच्या बाजूनेही विचार झाला पाहिजे. मार्गदर्शन व समुपदेशन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग आहे, असे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सांगून ठेवले. ते मान्य कोणी केले नाही असे नाही. पगार कोणी दिला नाही इतकेच. अनेक महाविद्यालयांत हे काम मानसशास्त्राच्या वा अन्य विषयाच्या अध्यापकाकडे जादा म्हणून सोपविलेले असते. अंतर्गत गुण ज्याच्या हाती त्याच्यापाशी मन मोकळे करा, असे विद्यार्थ्याला सांगितले जाते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेला रुग्णाचा हक्क मानतो. पण अर्ध्या लाकडी पडद्यामागच्या टेबलावर त्या हक्काचा अर्थ काय उरतो? जिथे वेगळा समुपदेशक नेमला जातो तिथेही तो प्रायः कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षीची नेमणूक ज्याच्या निष्पत्तीच्या आकड्यांवर अवलंबून, तो आकडे चांगलेच आणणार. त्यात त्याचा दोष कमी आणि नेमणाऱ्याचा अधिक.

मोजमाप मात्र हवेच, आणि ते कठोर हवे. पहिली चिठ्ठी दिल्यापासून भेट मिळेपर्यंत किती दिवस गेले, हे मोजावे. आले कोण यापेक्षा आले नाही कोण हे पाहावे: मुली किती, वसतिगृहाबाहेर राहणारे किती, अनुसूचित जाती-जमातींचे व भटक्यांचे किती, ए.टी.के.टी.त अडकलेले किती. घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे पाठविलेला विद्यार्थी तिथे पोचला का आणि महिन्याभरानंतर औषध चालू होते का, हे त्याच्या संमतीने विचारावे. विद्यार्थी काय शिकला तेही विचारावे, पण त्याच्या शब्दांत, आणि पत्रक गोळा करणारी व्यक्ती समुपदेशकही नसावी व प्राचार्यही नसावी.

सर्वांत महत्त्वाची नोंद कारणांची. नावे वगळून दर सत्रात कारणे मांडली, तर ती थोडीच निघतील. शिष्यवृत्ती वेळेवर न येणे, वसतिगृहात जागा न मिळणे, इंग्रजी, एखाद्या अध्यापकाची वागणूक, रात्री वसतिगृहात पाणी नसणे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली, तेव्हा या शहराच्या श्रेणीसाठी वर्षाला ५१ हजार रुपये ठरले. ती रक्कम खात्यावर येण्यास विलंब झाला तर समुपदेशकाकडील गर्दी वाढते की नाही, हे कोणत्याही संस्थेला आपल्याच नोंदीतून एका दुपारी काढता येईल. अशी कारणांची यादी विद्यार्थी प्रतिनिधींसमक्ष व्यवस्थापनापुढे ठेवावी आणि प्रत्येक कारणावर काय केले याचे उत्तर व्यवस्थापनाने लेखी द्यावे. विद्यार्थी प्रतिनिधी आणायचे कुठून, असे कोणी विचारील, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. महाविद्यालयांतील थेट निवडणुका १९९०च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली, तरी ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली.

उस्मानपुऱ्यातील व शहरातील विद्यार्थी कार्यकर्त्यांना यातले काही काम उद्याच हाती घेता येईल. शासकीय व अनुदानित संस्था माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली येतात. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला वार्षिक अहवाल तयार झाला आहे काय, समुपदेशकाची नेमणूक कायम आहे की कंत्राटी, त्याची पात्रता काय, त्याच्यासाठी वेगळी खोली आहे काय, प्रतीक्षेचा काळ किती, आणि मागील सत्रात नोंदलेल्या कारणांपैकी कोणत्या कारणावर संस्थेने कोणता ठराव केला, एवढी माहिती अर्जाने मागता येते. विद्यार्थ्यांची नावे वा ओळख पटेल असा तपशील मागू नये. तो मिळाला तरी घेऊ नये. उत्तर तीस दिवसांत यावे लागते. शेवटच्या प्रश्नापुढे ‘निरंक’ असे उत्तर आले, तर ते मिळाल्याच्या तारखेसह महाविद्यालयाच्या फाटकासमोर वाचून दाखवावे.