येणे-देणे आणि इंग्रजीतील ‘इंग’

आमच्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबात काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग प्रथम सांगतो. परराज्यातील एका पुरवठादाराने मार्च महिन्यातील मालाची रक्कम मिळाली नसल्याचे पत्राने कळविले. वडिलांना रक्कम दिल्याचे पक्के स्मरत होते. खतावणीतही तशी नोंद होती. नुकत्याच पदवीधर झालेल्या चिरंजीवांना ते म्हणाले, “आम्हाला पैसे दिल्याचे आठवते, असे इंग्रजीत लिहून पाठव.” चिरंजीवांनी लिहिले, ‘वुई रिमेंबर टु पे द अमाउंट.’ उत्तर लगोलग आले. त्याचा आशय असा की, रक्कम द्यावयाची आहे हे आपल्या ध्यानात आहे, हे वाचून समाधान वाटले; आता ती कृपया लवकर पाठवावी!

वडील संतापले आणि मुलगा गोंधळला. बँकेतील नोंदीची प्रत पाठविल्यावर प्रकरण मिटले. परंतु मधल्या काळात पेढीच्या शब्दावर शंका घेतली गेली, ती गेलीच. व्यापारात पैशाइतकीच पत मोलाची असते, आणि येथे ती पणाला लागली केवळ एका प्रत्ययामुळे. ‘टु पे’ ऐवजी ‘पेइंग’ लिहिले असते, तर वाक्याचा अर्थ ‘दिल्याचे आठवते’ असाच झाला असता.

या ‘पेइंग’सारख्या शब्दाला इंग्रजी व्याकरणात ‘जेरंड’ म्हणतात. क्रियापदाला ‘इंग’ प्रत्यय लावून त्याचे नाम केले की जेरंड तयार होतो. आपल्या व्याकरणात यालाच धातुसाधित नाम म्हणतात. नाव अवघड वाटले, तरी वस्तू आपल्या रोजच्या वापरातील आहे. किंबहुना व्यापारी घराला तर ती विशेष परिचयाची असावी, कारण आपल्या वहीतील ‘येणे’ आणि ‘देणे’ हे दोन्ही शब्द याच जातीचे आहेत. मुळात त्या क्रिया; वहीत आल्या आणि नामे झाल्या. इतक्या पुरत्या नामे झाल्या, की त्यांचे अनेकवचनही होते : येणी वसूल झाली, देणी फिटली. ‘बोलणे’ ही क्रिया. पण सौद्याची ‘बोलणी’ झाली की ती नाम. इंग्रजीतही नेमके हेच घडले आहे. ‘सेव्हिंग्ज’, ‘अर्निंग्ज’, ‘होल्डिंग्ज’ हे शब्द ‘इंग’ लागलेल्या क्रियाच होत. वापरून वापरून त्या पक्क्या नामांच्या पंक्तीत जाऊन बसल्या आणि अनेकवचनाचा ‘स’ही त्यांनी घेतला.

नाम वाक्यात ज्या ज्या जागी बसते, त्या त्या जागी जेरंड बसू शकतो. ‘कीपिंग अकाउंट्स’, म्हणजे ‘हिशेब ठेवणे’, हा एकच शब्दसमूह घेऊन पाहू. ‘कीपिंग अकाउंट्स इज हर ड्यूटी’ : हिशेब ठेवणे हे तिचे काम आहे. येथे तो कर्त्याच्या जागी आहे. ‘शी स्टार्टेड कीपिंग अकाउंट्स’ : तिने हिशेब ठेवणे सुरू केले. येथे तो कर्म आहे. ‘हर ड्यूटी इज कीपिंग अकाउंट्स’ : तिचे काम हिशेब ठेवणे हे आहे. येथे तो कर्त्याविषयीचे विधान पूर्ण करतो. आणि ‘शी इज गुड ॲट कीपिंग अकाउंट्स’ : हिशेब ठेवण्यात ती निपुण आहे. येथे तो ‘ॲट’ या अव्ययाला जोडून आला आहे. शब्द तेच, आसने चार.

मात्र नाम झाला तरी जेरंड आपले क्रियापदाचे माहेर विसरत नाही. वरील प्रत्येक वाक्यात ‘कीपिंग’ने ‘अकाउंट्स’ हे कर्म सोबत बाळगले आहे. साधे नाम असे कर्म घेऊ शकत नाही. मराठीत पाहा : ‘पुस्तक वाचणे’ असे आपण म्हणतो, परंतु ‘वाचन’ हे पुरते नाम आले की ‘पुस्तकाचे वाचन’ म्हणावे लागते; मध्ये षष्ठी येते. इंग्रजीतही ‘रीडिंग द बुक’ हा जेरंड, तर ‘द रीडिंग ऑफ द बुक’ हे पुरते नाम. ‘भरभर वाचणे’ यात क्रियाविशेषण चालते, तसेच इंग्रजीत ‘रीडिंग क्विकली’ चालते. म्हणजे जेरंड बाहेरून नाम आणि आतून क्रियापद आहे. वाक्याशी तो नामासारखा वागतो, आणि आपल्या कर्माशी व क्रियाविशेषणाशी क्रियापदासारखा.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. ‘इंग’ तर चालू काळातही येतो. मग ओळखावे कसे? ‘माय सन इज कीपिंग अकाउंट्स’ यातील ‘कीपिंग’ जेरंड नव्हे. तेथे मुलगा प्रत्यक्ष हिशेब ठेवत आहे. वाक्य उलटवून पाहावे. ‘हर ड्यूटी इज कीपिंग अकाउंट्स’ हे उलटविता येते. परंतु हिशेब ठेवणे म्हणजे माझा मुलगा, असे कोणी म्हणणार नाही. याहून सोपी कसोटी आपली मराठीच देते. अर्थ लावताना ‘-णे’ किंवा ‘-ण्याचा’ आले तर जेरंड. ‘-त’, ‘-णारा’ किंवा ‘-ता’ आले तर विशेषण अथवा चालू क्रिया. ‘वेटिंग रूम’ ही थांबणारी खोली नव्हे, थांबण्याची खोली होय. म्हणून तो जेरंड. ‘रनिंग वॉटर’ हे वाहते पाणी. म्हणून ते विशेषण.

या दोन रूपांचे साम्य जन्मजात नाही, हेही जाणून घेणे मनोरंजक आहे. प्राचीन इंग्रजीत क्रियेपासून नाम करण्यासाठी ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ हा प्रत्यय होता, आणि ‘करत असलेला’ या अर्थाच्या विशेषणासाठी ‘-एंडे’ असा निराळाच प्रत्यय होता. मध्ययुगीन इंग्रजीत दोहोंचे उच्चार जवळ येत गेले आणि शेवटी दोघांनी एकच ‘इंग’ रूप घेतले. आजचा गोंधळ हा त्या विलीनीकरणाचा वारसा आहे. आपल्या ‘-णे’चे कूळही जुने आहे. संस्कृतातील ‘गमन’, ‘पठन’ यांतील ‘-अन’ प्रत्ययापर्यंत त्याचे मूळ पोहोचते. प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला. ज्या नियमाने आपल्या घराघरांत उच्चारला जाणारा ‘णमो’ सिद्ध झाला, त्याच नियमाने.

आता पत्रव्यवहारातील दोन खाचखळग्यांकडे वळू. पहिला ‘टु’चा. ‘टु’नंतर नेहमी मूळ क्रियापद येते, असे शाळेत पाठ झालेले असते. त्यामुळे ‘वुई लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’ असे अनेक पत्रांच्या शेवटी आढळते. शुद्ध रूप ‘टु हिअरिंग’ असे आहे. कारण येथील ‘टु’ हे ‘-कडे’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय आहे, आणि अव्ययापुढे नामच हवे. परीक्षा अशी : त्या जागी साधे नाम ठेवून पाहावे. ‘वुई लुक फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’ हे बरोबर बसते. म्हणून क्रिया ठेवायची झाल्यास तीही नाम करूनच ठेवावी लागेल. मराठीतही ‘माल पाहण्यापूर्वी’, ‘माल पाठविण्याबद्दल’ असे आपण नामाप्रमाणे सामान्यरूप करूनच लिहितो. तोच न्याय ‘बिफोर सीइंग द गुड्स’ आणि ‘थँक यू फॉर सेंडिंग द गुड्स’ येथे लागू होतो.

दुसरा खळगा अधिक खोल आहे, आणि आरंभीच्या प्रसंगातील चिरंजीव त्यातच पडले. काही क्रियापदांनंतर ‘टु’चे रूप आणि ‘इंग’चे रूप दोन्ही चालतात, परंतु अर्थ पालटतो. ‘वुई स्टॉप्ड टेकिंग ऑर्डर्स’ म्हणजे आम्ही मागण्या घेणे थांबविले. ‘वुई स्टॉप्ड टु टेक ऑर्डर्स’ म्हणजे मागण्या घेण्यासाठी आम्ही थांबलो. पहिल्या वाक्याने दुकान बंद, दुसऱ्याने उघडे! ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ म्हणजे कळविण्यास खेद वाटतो. ‘वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ म्हणजे आपणास कळविले याचाच पश्चात्ताप होतो. ‘रिमेंबर’चेही असेच. जे घडून गेले त्याच्यासाठी ‘इंग’, जे करावयाचे आहे त्याच्यासाठी ‘टु’. मराठीत आपण हा भेद चुकूनही विसरत नाही : ‘पैसे दिल्याचे आठवते’ आणि ‘पैसे द्यायचे लक्षात आहे’ यांत कोणता मुनीम घोटाळा करील? म्हणून ‘रिमेंबर’ वा ‘रिग्रेट’ लिहिण्यापूर्वी वाक्य मनात मराठीत म्हणावे. ‘दिल्याचे’, ‘कळविल्याचा’ असे आले तर ‘इंग’. ‘द्यायचे’, ‘कळविण्यास’ असे आले तर ‘टु’. ‘स्टॉप’ला ‘घेणे थांबविले’ असे आले तर ‘इंग’, ‘घेण्यासाठी थांबलो’ असे आले तर ‘टु’.

एका सूक्ष्म वादाचाही उल्लेख करावयास हवा. ‘तुमचे येणे’ असे म्हणावे, की ‘तुम्ही येणे’? मराठीत दोन्ही आहेत : ‘तुमचे येणे आम्हास सुखावून गेले’ आणि ‘तुम्ही येणे आवश्यक आहे’. इंग्रजीत मात्र यावर विद्वानांची जुंपली. ‘युअर कमिंग’ असे षष्ठीचेच रूप हवे, ‘यू कमिंग’ हे अशुद्ध, असा आग्रह फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात धरला. तर येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारांनी त्यास विरोध केला. आज बोलताना दोन्ही चालतात. औपचारिक पत्रात मात्र ‘युअर’ लिहिणे अधिक प्रशस्त ठरते.

शेवटी आपल्या दुकानात एकदा कान देऊन पाहा. पॅकिंग झाले, बुकिंग केले, बिलिंग राहिले, मार्केटिंग वाढवले. ‘इंग’चे हे पाहुणे आपण मराठीत घेतले, ते नामे म्हणूनच, आणि कोणी न शिकविता त्यांना ‘येणे-देणे’चेच नपुंसकलिंग दिले. ‘मीटिंग’ तेवढी ‘झाली’, कारण तिच्यात आपल्याला सभा किंवा बैठक दिसते. व्याकरणाचे पुस्तक न उघडताही जेरंडचा स्वभाव आपल्या जिभेला असा ठाऊक आहे.

त्या पेढीवर आता एक रीत आहे. इंग्रजी पत्र रवाना होण्यापूर्वी चिरंजीव ते वडिलांना मराठीत अर्थ सांगून ऐकवितात. वडिलांना इंग्रजी फारसे येत नाही. परंतु ‘दिल्याचे’ की ‘द्यायचे’, एवढे ते अचूक विचारतात. वाचकांनीही आपल्या घरातील मुलांकडून या महिन्यातील एखादे पत्र असे वाचून घ्यावे, आणि त्यातील प्रत्येक ‘इंग’ नाम आहे की चालू क्रिया, हे त्यांनाच ठरवू द्यावे.