विश्लेषण : संग्रामपूरच्या मुलींसाठी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ इतका दूर का?

नवे शैक्षणिक सत्र सुरू झाले की महाविद्यालयांच्या सूचना फलकावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक लागते. संग्रामपूर तालुक्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतात. वेळापत्रकात महिला बास्केटबॉल असतो. प्रश्न संघ उतरवण्याचा आहे.

निवडीची वाट कशी आहे?

आधी महाविद्यालयाचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ. तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत खेळतो. तिथे वरचे स्थान मिळाले तर अखिल भारतीय स्पर्धा. विद्यापीठाच्या संघात जागा १२ आणि दावेदार अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांतल्या. विद्यापीठाकडून खेळलेली खेळाडू ‘कलर होल्डर’ म्हणून ओळखली जाते.

मग अडते कुठे?

पहिली अडचण मैदानाची. महिला कबड्डीला १२ बाय ८ मीटरची जागा पुरते, तीही मातीची. बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटरचे पक्के, सपाट मैदान लागते. ३.०५ मीटर उंचीवर रिंग आणि मागे न हलणारा बोर्ड लागतो. मातीवर चेंडू सरळ उसळत नाही, त्यामुळे ड्रिबलिंगचा सराव होतच नाही. ग्रामीण महाविद्यालयात मुली कबड्डी, खो-खोकडे वळतात त्याला आवडीइतकेच हेही कारण आहे. शारीरिक शिक्षण संचालकांनाही जे मैदान आहे त्यावरच संघ बांधावा लागतो.

दुसरी अडचण एसटीची, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. पदवीच्या पहिल्या वर्षापासून सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सूट आहे, त्याने स्पर्धेला जाणे स्वस्त झाले. सरावाचा प्रश्न मात्र भाड्याने सुटत नाही. सोनाळा, टुनकी, बावनबीरकडच्या मुलीने तास संपल्यावर दीड तास थांबायचे, तर परतीची गाडी हवी. संघ निवडताना खेळाआधी हेच बघावे लागते. बास्केटबॉल पाच जणींचा खेळ. दोघी लवकर निघाल्या की सरावाचा सामनाच होत नाही.

खेळून मिळते काय?

राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र नुसते आंतरमहाविद्यालयीन सहभागाचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. स्पर्धेचा स्तर आणि मिळालेले स्थान पाहिले जाते, शिवाय विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी होते. म्हणजे संग्रामपूरच्या मुलीसाठी खरा फरक विद्यापीठाच्या संघात शिरल्यावर आणि तिथून पुढे पडतो. रेल्वेही खेळाडूंची भरती करते. भारतीय संघाची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळते. देशाकडून खेळलेली सिया देवधर नागपूरची. दोघी मोठ्या शहरांतल्या, जिथे क्लबची मैदाने आधीपासून होती.

लहान महाविद्यालयाला काही मार्ग?

थ्री बाय थ्री हा प्रकार टोकियो ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. एकच रिंग, १५ बाय ११ मीटर जागा, तिघी मैदानात आणि एक राखीव. सामना १० मिनिटांचा किंवा आधी २१ गुण करणाऱ्याचा. पाच जणींच्या संघाला तो पर्याय होऊ शकत नाही, पण चार मुली आणि एका रिंगवर वर्षभर सराव चालू ठेवता येतो. यासाठी पूर्ण मैदानाच्या निम्म्याहून कमी काँक्रीट लागते. निधी मागताना प्रस्तावात आधी एवढेच मागितले तर मंजुरीची शक्यता वाढेल.

यंदा खेळू इच्छिणाऱ्या मुलींनी दोन गोष्टी प्रवेशाच्या आठवड्यातच विचाराव्यात : महाविद्यालय संघाची प्रवेशिका पाठवणार आहे का, आणि नसेल तर विद्यापीठाच्या निवड चाचणीला एकट्या खेळाडूला जाता येते का. प्रवेशिकेवरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. पडताळणीच्या वेळी एका अक्षराचा फरकही खेटे घालायला लावतो.