सड्यापुढचा रकाना

कोकणातल्या कुठल्याही प्रकल्पाचा पर्यावरण परिणाम अहवाल हातात आला की मी आधी भूवापराचा तक्ता उघडतो. धूळ, आवाज, पाणी नंतर. तक्त्यात सड्यापुढे, म्हणजे कातळाच्या पठारापुढे, बहुतेक वेळा एकच शब्द असतो: पडीक.

गेल्या आषाढात राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर एका आजींच्या मागोमाग हिंडलो. त्यांच्या हातात कोयती, माझ्या हातात भिजकी वही. ‘हे सगळं पडीकच ना?’ मी मुद्दाम विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. वाकून फोडशीची रानभाजी खुडली आणि ओच्यात टाकली. पुढे कातळाच्या खोलगट भागात, जेमतेम खोलीएवढ्या जागेत, भात लावलेला. दिवाळीच्या सुमाराला इथलंच गवत कापून गुरांची वर्षाची बेगमी होते, सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं, हे त्या चालता चालता सांगत होत्या. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. जमीन मुंबईतल्या चार भावांची.

यातलं अहवालात येणार कुठून? बऱ्याच प्रकल्पांना एकाच हंगामाची मोजमापं चालतात, आणि तीही पावसाळा सोडून. सडा जगतो तेच चार महिने वगळायचे आणि मार्चमध्ये जाऊन तापलेला कातळ बघून यायचं!

‘गप्पा म्हणजे पुरावा नव्हे,’ असं तज्ज्ञ मंडळी ऐकवतात. ठीक. पण त्यांचे आकडे कुठून येतात? ल्यूना लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये मांडलेला प्रसिद्ध तक्ता घ्या. प्रकल्पाच्या 100 कृती, पर्यावरणाचे 88 घटक, म्हणजे 8,800 चौकोन. परिणाम केवढा आणि तो महत्त्वाचा किती, याला 1 ते 10 गुण. महत्त्व मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. ते कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं. त्याचं मत 7 होऊन चौकोनात बसलं की ते शास्त्र, आजींचं मत मात्र ‘स्थानिकांच्या भावना’.

अर्थात सरपंचांच्या ओटीवर चहा घेऊन ‘ग्रामस्थांशी चर्चा केली’ असं लिहिणं, हाही गुणात्मक अभ्यास नव्हे. त्याला शिस्त लागते. शिवारफेरी पायी करायची. बायकांशी वेगळं बोलायचं, गुराख्यांशी वेगळं, कुळांशी मालक समोर नसताना. बारा महिन्यांत कुठल्या जागेतून काय मिळतं हे त्यांच्याकडूनच मांडून घ्यायचं. एकाचं सांगणं दुसऱ्याकडे पडताळायचं, आणि जुळलं नाही तर न जुळणंही लिहायचं. हे काम दोन दिवसांत उरकत नाही, म्हणूनच सल्लागार कंपन्यांना ते नको असतं, असा माझा संशय आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. त्या तरी उघडाव्यात.

लोकांना बोलायची अधिकृत संधी मिळते ती जनसुनावणीत. तोवर अहवालाचा मसुदा तयार असतो. मांडव पडतो, माईक लागतो, बंदोबस्त येतो. आजींसारखी एखादी बाई उठून विहिरीचं विचारते. मग इतिवृत्ताबरोबरच्या तक्त्यात डाव्या रकान्यात तिचा प्रश्न एका ओळीत येतो आणि उजव्या रकान्यात प्रवर्तकाचं उत्तर: आवश्यक ती काळजी घेण्यात येईल.